गौहर मनियारीण आणि साथीचा खेळ

गौहर मनियारणीच्या हातात एकदा हात दिला आणि बांगड्या न भरता तो परत मिळाला, असं हिंगणवाडीत कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं. बाई ओरडो, रडो, सासूच्या नावानं शंख करो, गौहर म्हणायची, "आता आलाच हाय हात, तर भरूनच जाऊ द्या." मग ती तो हात चेपायची, चोळायची, अंगठ्याचं हाड हळूच आत दाबायची, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर वाजत असायची. हे चाललेलं असताना तिचं तोंडही चालू असायचं. मनियारणीचं तोंड बंद पडलं तर बांगडी फुटते, असा तिचा सिद्धान्त होता. तो खरा की खोटा हे तपासायची वेळ तिच्यावर आली नव्हती, कारण तोंड कधी बंदच पडलं नव्हतं.

काष्टीच्या बाजारात तिचं पाल असायचं, आणि बाजार नसेल त्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फेरी. चेहऱ्यावर देवीचे वण होते. एखाददुसरा असता तर तीट म्हणून खपला असता, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट टेकवायला गुळगुळीत जागा नव्हती. "अल्लानं मला घडवली न् म्हनला, जरा चाळून बघू," ती सांगायची. "चाळन तोंडावरच राहिली बघा." बाया हसायच्या, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ती हसायची. तरुणपणी तिला बघायला पाहुणे आले नव्हते असं नाही. दोन ठिकाणचे पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. तिसऱ्यांनी तर चहालाही हात लावला नाही. तो भरलेला कप आत नेऊन ओतताना तिला काय वाटलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बापाची टोपली उचलली आणि फेरीला निघाली.

पुढं तिची बहीण बाळंतपणात गेली आणि तिची लेक बानू गौहरच्या पदरात आली. बानू तिला खाला म्हणायची. आता ती लग्नाला आली होती, आणि दिसायला अशी की पाणवठ्यावरच्या बाया हंडा भरून वाहतोय हे विसरून तिच्याकडं बघत राहायच्या. घरात गौहरनं आरसा ठेवला नव्हता. दृष्ट लागते म्हणायची, आणि स्वतः मात्र दिवसभर त्या पोरीच्या तोंडाकडं बघत बसायची. आपल्याला जे मिळालं नाही ते हिला मिळावं, चांगलं घर, चांगला नवरा, भरलेला चुडा, एवढी एकच गोष्ट गौहरला या दुनियेकडून हवी होती. आणि ते सगळं त्या नितळ चेहऱ्यावर अवलंबून आहे, याबद्दल तिची पक्की खात्री होती.

म्हणूनच देवी टोचणारा आसाराम गावात आला की गौहर बानूला लपवायची. लहान होती तोवर बांगड्यांच्या टोपलीत, वरून पेंढा. एकदा टोपली शिंकली.

"मावशी, बांगड्यांना पडसं झालं का?" आसारामनं विचारलं.

"व्हय," गौहर म्हणाली. "लांबून आलेला माल हाय. हवा मानवंना त्याला."

आसाराम हसून पुढं गेला. त्यालाही दिवसभरात बरीच दारं वाजवायची असत आणि बऱ्याच शिव्या खायच्या असत. पण गौहरचं हे लपवणं उगाच नव्हतं. ती स्वतः लहान असताना आळीत देवी आल्या, तेव्हा तिच्या आईनं घाईघाईनं तिला टोचून आणलं होतं, आणि चार-सहा दिवसांतच ती फोडांनी भरली होती. त्या सुईनंच माझ्या तोंडाची चाळण केली, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. आपल्या पोरीला ती सुई लागू द्यायची नाही, ही तिची शपथ होती.

आता या गोष्टीत रंगनाथ मास्तर येतात. लोकल बोर्डाच्या शाळेत ते गणित शिकवायचे, आणि शाळा सुटल्यावरही गणित त्यांना सोडत नसे. पंगतीला बसले तर वाढप्यानं कोणत्या टोकापासून सुरुवात केली असती तर किती फेऱ्या वाचल्या असत्या, याचा हिशेब करत बसायचे. तोवर जिलबी संपायची. माणूस भला, पण उपाशी राहणारा.

चव्वेचाळीस सालच्या फाल्गुनात काष्टीच्या बाजारातून बातमी आली की खालच्या अंगाच्या गावांत देवी आल्या आहेत. हिंगणवाडीची जत्रा चैत्रात. जत्रेला लेकी माहेरी येणार, पाहुणे येणार, कुस्त्यांना लांबलांबचे पैलवान येणार. पाटलांच्या ओट्यावर माणसं जमली, आणि मास्तरांनी खिशातून खडू काढला.

"समजा, एक आजारी माणूस तिघांना देवी देतो. ते तिघं नऊ जणांना. नऊ जण सत्तावीस जणांना." असं करत ते ओटाभर आकडे मांडत गेले. ओटा संपला. "या हिशेबानं आखाडापर्यंत श्रीगोंदा तालुका आटोपतो, दिवाळीपर्यंत हिंदुस्थान, आणि संक्रांतीला पृथ्वी."

"मंग लढाईचं काय?" पाटलांनी काळजीनं विचारलं.

"लढायला कोण उरतंय? पण पाटील, मुद्दा तो नाही. असं कधी होत नाही, हा मुद्दा आहे! साथ येते, चढते, आणि गावात कितीतरी माणसं धडधाकट असताना आपली आपण उतरते. का?"

"देवीचा राग शांत व्हतो."

"राग शांत व्हायला दर वेळी अर्धं गावच का पुरतं?"

उत्तर मास्तरांनीच दिलं. साथीला रोज नवं माणूस लागतं, ते म्हणाले. ज्याला देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत. ज्याला टोचलंय त्याला येत नाहीत. अशी माणसं पुष्कळ झाली की आजाऱ्याला नवं गिऱ्हाईक सापडत नाही, तोवर त्याचा आजार संपतो, आणि साथ उपाशी मरते. "म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत टोचायलाच हवं असंही नाही. किती जणांना टोचलं की साथीची उपासमार होते, तेवढं काढायचं. आणि ते मी काढून दाखवतो."

पाटलांना यातलं एकच कळलं, की सगळ्यांना टोचायला नको. ते खूश झाले. "गडीमानसं बाजारहाटाला जात्यात, बाया घरातच असत्यात. गड्यांना न् पोरांना टोचलं की झालं." मास्तरांनाही ते पटलं. एखादी गोष्ट चटकन पटली की गणितवाल्यानं सावध व्हावं. पण मास्तर त्या दिवशी फार आनंदात होते.

त्या आनंदातच ते गौहरकडं गेले. म्हणाले, "मावशी, बानूला या वेळी तरी टोचून घ्या."

"मास्तर, बांगड्या भरायच्या असल्या तर हात पुढं करा," गौहर म्हणाली. "न्हाईतर ऊन चढायच्या आत घरला जा."

मास्तर घरी गेले.

मग झाला साथीचा खेळ. कुस्त्यांच्या मैदानात मास्तरांनी शाळेची पोरं उभी केली. नियम सोपे. एका पोराच्या टोपीत कडुलिंबाचा डहाळा, म्हणजे त्याला देवी आल्या. तो पळत सुटणार, ज्याला हात लावील त्याच्याही टोपीत डहाळा. मास्तर मोठ्यानं आकडे म्हणणार, डहाळा लागल्यापासून वीस झाले की तो डहाळेवाला खाली बसणार, म्हणजे तो यातून उठला. त्याला आता भीती नाही. ज्यांच्या दंडावर खडूची रेघ ते टोचलेले. त्यांना हात लागला तरी ढिम्म. पोरांना शाळेच्या वेळात पळायला मिळतंय म्हटल्यावर त्यांना गणित एकदम आवडू लागलं. बघायला सगळा गाव लोटला. पाटलीण रतनबाई पदर सावरत म्हणाली, "देवीचा लिंब टोप्यांत खोवतोय, ह्या मास्तरला काय भ्या हाय का न्हाई?" पण ती जागची हलली नाही.

पहिल्या डावात कुणालाच खडू नव्हता. बघता बघता सगळं मैदान हिरवं झालं. दुसऱ्या डावात निम्म्यांना खडू. डहाळे रेंगाळले, पण बरेच फिरले. तिसऱ्या डावाला मास्तरांनी दर चारांतल्या तिघांच्या दंडावर रेघ ओढली. डहाळेवालं पोर इकडं धावलं, रेघ. तिकडं धावलं, रेघ. कसंबसं त्यानं एकाला हात लावला, आणि तो एक जण तर कुणालाच न गाठता वीस होऊन खाली बसला. साथ मेली! लोकांनी टाळ्या पिटल्या, फेटे उडाले. "पुन्यांदा! पुन्यांदा!" असा गिल्ला झाला.

पुन्हा डाव मांडला, आणि घोटाळा झाला. कडेला लहान भावंडं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पोरींना राहवेना. एकीनं भाऊ दुसरीच्या कडेवर दिला आणि घुसली मैदानात. तिच्यामागं दुसरी. बानूनं शेजारणीचं पोर गौहरच्या टोपलीशेजारी बसवलं, परकर खोचला आणि तीही घुसली. एकीच्याही दंडावर रेघ नव्हती. डहाळे पोरींच्या वेण्यांत चढले, एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं, आणि जी थोडी पोरं बिनखडूची राहिली होती त्यांनाही पोरींनी धरून धरून हिरवं केलं.

"पोरींनो, बाहेर व्हा! माझं गणित बिघडवलंत!" मास्तर ओरडत होते. कोण ऐकतंय?

इकडं गौहर टोपली सोडून उभी राहिली होती. डहाळा खोवलेलं एक दांडगं पोर बानूच्या रोखानं धावत येताना तिला दिसलं. खेळ होता, तिलाही कळत होतं. पण पाय ऐकेनात. ती मैदानात शिरली, बानूला पाठीशी घातलं आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. पोर येऊन तिच्या पोटावर आदळलं.

"मावशी, तुमाला आल्या!" ते ओरडलं.

"नाही आल्या!" मास्तर लांबून ओरडले. "मावशींना कधीच येऊन गेल्यात. यांच्याइतकी पक्की भिंत या गावात दुसरी नाही!"

लोक हसले, पण या वेळी हसू वेगळं होतं. त्या तोंडाबद्दल चारचौघांत कुणी चांगलं बोललं, असं गौहरच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. ती कंबरेवर हात ठेवून वळली, आणि समोर बानू उभी. हसत होती, धापा टाकत होती, आणि तिच्या वेणीत लिंबाचा डहाळा. मागून येऊन एका पोरीनं खोवला होता.

"खाला, मला पन आल्या!" बानू म्हणाली.

गौहरनं तो डहाळा ओढून काढला, मातीत टाकला आणि पोरीला हाताला धरून घरी नेलं. शेजारणीचं पोर तिथंच राहिलं, ते मागून कुणीतरी पोचवलं.

मास्तरही मैदानात एकटेच उभे होते, हातात खडू घेऊन. पाटील समजूत घालायला गेले. "पोरीच त्या. त्यांनी खेळ बिघडवला."

"खेळ नाही बिघडला, पाटील," मास्तर म्हणाले. "माझंच चुकलं. मी गाव म्हणून नुसती पोरं धरली. अर्धं गाव मी मांडलंच नव्हतं. बाया घरात असतात म्हणालात ना? पाणवठ्यावर असतात, दळणाला असतात, जत्रेला माहेरी असतात, आणि तुमची-माझी पोरं त्यांच्याच कडेवर असतात."

दिवस कलला तशी गौहर मास्तरांच्या दारात आली. आल्या आल्या म्हणाली, "समोरून मी हुते. मागून कोन न्हवतं."

"हो."

"आळीत देवी आल्या तवा आईनं मला टोचून आनलं, न् चार-सा दिसांत मी भरले. मला सुईनंच आल्या हुत्या न्हवं? खरं सांगा, मास्तर. गनितातलं नगं, खरं."

मास्तरांनी तिला बसायला पाट दिला. "मावशी, देवी अंगात शिरल्यावर दिसायला वेळ लागतो. तुम्हाला टोचलं तेव्हा त्या आळीत होत्या. तुमच्या अंगातही शिरल्या असणार. सुईनं आणल्या नाहीत. सुईला उशीर झाला."

आईनं त्या दिवशी आपल्याला पाठुंगळी मारून कसं पळवत नेलं होतं, ते गौहरला आठवलं. इतकी वर्षं तिनं आईला मनातल्या मनात बोल लावला होता. मग ती उठली आणि म्हणाली, "उद्याच्याला त्या आसारामला बोलवा. मला उशीर करायचा न्हाई."

आसाराम आला, गडी-पोरं टोचून गेली, पण बाया येईनात. रतनबाईंनी स्वच्छ सांगितलं, "परक्या गड्याच्या हातात दंड द्यायचा? मेले तरी चालंल." आणि पाटलीण नाही म्हटल्यावर बाकीच्या कशाला येतात? तेव्हा गौहर टोपली घेऊन थेट पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसली. म्हणाली, "पाटलीनबाई, तुमचा हात लगीन झाल्यापासून माझ्या हातात हाय. तो माझ्याच हातात राहू द्या. त्यो आसाराम दंडापाशी काय करतोय तिकडं तुमी बघूच नगा." ओसरीवर एक जुनं लुगडं आडवं बांधलं. अलीकडं बाया आणि गौहर, पलीकडं आसाराम. बाईनं बसायचं, हात गौहरला द्यायचा, दंड लुगड्याखालून पलीकडं सरकवायचा. गौहर बांगडी चढवायला लागली की पलीकडून आसाराम लस लावून सुई गरकन फिरवायचा. बाई कळवळायची ते बांगडीनं की सुईनं, तिचं तिलाही कळायचं नाही. आणि उठून जायचं म्हटलं तर गौहरनं धरलेला हात सुटतोय थोडाच! त्या दिवशी आसारामनं अख्ख्या गावाचे दंड बघितले, तोंड एकीचंही नाही. लढाईमुळं बांगडी मिळेनाशी झाली होती, तरी गौहरनं घरात होता नव्हता तेवढा माल टोपलीत आणून ओतला. शेजारच्या रंगुबाईची म्हातारी सासू तेवढी आली नाही. म्हणाली, "आता जायच्या वक्ताला देवीशी कशाला वैर?"

शेवटी बानू बसली. गौहरनं तिचा हात हातात घेतला. सकाळपासून तोंडाची टकळी चालू होती, ती थांबली. लुगड्यापलीकडं आसाराम म्हणाला, "व्हय का, मावशी?" तिला व्हय म्हणता येईना. तिनं नुसती मान हलवली, जी त्याला दिसणं शक्य नव्हतं.

"लाव रं," बानूच म्हणाली.

त्याच क्षणी गौहरच्या बोटांत बांगडी कट्‌कन मोडली. "वाढली गं बाई बांगडी," रतनबाई कुजबुजली. गौहरच्या बोटाला रक्त आलं होतं. तिचा सिद्धान्त एकदाचा खरा ठरला होता. पण बानूचा हात तिनं सोडला नाही, सुई फिरून होईपर्यंत सोडला नाही, आणि मग दुसरी बांगडी घेऊन तो भरला.

पुढचे दिवस गौहरनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. फेरी बंद, बाजार बंद. बानूचा दंड सुजला, अंगात ताप भरला. रोज उजाडलं की गौहर तिला दारात उजेडाला आणायची, हनुवटी धरून चेहरा वर करायची आणि तीळ तीळ तपासायची. बानू वैतागून म्हणायची, "खाला, आरसा तरी घे, माझं मीच बघंन, सारखी माझी मान मोडती." दंडावर एक फोड आला, भरला, खपली धरली. चेहऱ्यावर काही नाही. तरी गौहरला धीर धरवेना, कारण खरी परीक्षा पुढंच होती.

जत्रा भरली. रंगुबाईकडं तिचा भाऊ आला तो ताप घेऊनच आला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड फोडांनी भरलं. रंगुबाईचं घर गौहरच्या भिंतीला भिंत लावून. बानू त्या घरात पाणी देऊन आली होती. गाव श्वास रोखून बसलं. बारा-चौदा दिवसांनी रंगुबाईची सासू देवीनं पडली, आणि आठवड्यात गेली. मास्तर स्मशानातून परत आले ते पाटलांच्या ओट्यावर बसले, पण त्यांनी खडू काढला नाही. कुणी गणिताचं विचारलंही नाही. मग गावानं रंगुबाईच्या पलीकडच्या घरावर नजर ठेवली, त्याच्याही पलीकडच्यावर ठेवली. कुठंच काही नाही. भाऊ उठला, तोंडावर वण घेऊन आपल्या गावी गेला. डहाळा ज्याच्या टोपीत होता त्याला दुसरं डोकं सापडलं नाही. पाटलीणबाईंनी देवीला नारळ फोडला, आणि एक नारळ गौहरकडंही पाठवला.

त्या साली पावसाळा सरल्यावर बानूला बघायला संगमनेरहून पाहुणे आले. मुलाची आई पोक्त, बोलायला मऊ, पण नजर सराफाची. तिनं बानूला चालवून बघितलं, बोलवून बघितलं, तोंड उजेडाकडं करून बघितलं. मग तिची नजर गौहरच्या तोंडावर गेली आणि तिथंच घुटमळली. गौहरनं चहा पुढं ठेवला. बाईनं कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. म्हणाली, "बुरा मत मानो बहन, पण विचारलेलं बरं. पोरीच्या अंगावर कुठं काही खोट, डाग?"

गौहरला तो जुना कप आठवला, भरलेला, गार झालेला. मुलगी नितळ आहे, असं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. ते ती बोलली नाही. तिनं बानूला जवळ बसवलं, तिची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंडावरचा रुपयाएवढा वण उजेडात धरला.

"हाय की," ती म्हणाली. "ह्यो एक. मीच करवून घेतलाय, तिचा हात धरून. माझ्या तोंडावरचं सगळं ह्या एकात मावलं, म्हनून पोर अशी हाय."

बाईनं त्या वणाकडं बघितलं. मग गौहरच्या चेहऱ्याकडं बघितलं, या वेळी सावकाश, नजर न चुकवता. मग चहा पिऊन टाकला आणि रिकामा कप पुढं केला.

"असला तर अजून घोटभर दे, बहन," ती म्हणाली.